दाणे मागावरच उठतात

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या फोटोतलं कापड इटलीतल्या सार्डिनिया बेटाचंच आहे, आणि ते भरतकाम नाही. वरचे दाणे सुईने काढलेले नाहीत की गालिच्यासारखी गाठ मारून कापलेले नाहीत. ते मागावरच उठतात. या विणीला तिकडे पिबियोनेस म्हणतात, म्हणजे द्राक्षाचे दाणे. ओरिस्तानो जिल्ह्यातलं सामुगेओ हे गाव तिच्यासाठी ओळखलं जातं. सार्डिनियाच्या विणकामाचं मुराट्स हे संग्रहालयही तिथेच आहे.

तुझ्या मागावर होईल का, तर होईल. आडवा माग आणि साधी वीण एवढंच लागतं. वेगळी लागते ती एक लोखंडी सळई, मोजे विणायच्या सुईसारखी, कापडाच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब. सुरुवातीला 3 मिलिमीटर जाडीची घे. दाण्याचा आकार या सळईवरच ठरतो, म्हणून एका कापडाला शेवटपर्यंत तीच जाडी ठेव. टोक घासून गुळगुळीत कर. बारीकसा खरखरीतपणा राहिला तरी सळई ओढताना लोकर अडकते आणि एका झटक्यात चार-पाच दाणे लांबतात.

सूत दोन प्रकारचं लागतं. ताणा म्हणजे उभे धागे आणि भरणीचा आडवा धागा बारीक सुती, दाण्याचा धागा जाड लोकरीचा. घोंगडीच्या ताण्याला तू चिंचोक्याची खळ देतोस तशी इथल्या ताण्याला हलकी दिलीस तर चालेल, पण दाण्याच्या सुताला अजिबात लावू नकोस. ते धुतल्यावर फुलायला हवं. ताठ सूत फुलत नाही, दाणा काटकुळा राहतो. शिवाय लोकर आणि सुती धागा वेगवेगळे आटतात, म्हणून दाण्याचं सूत लडीतच गरम पाण्यातून काढून सावलीत वाळव. हे टाळलंस तर पहिल्या धुण्यात नक्षीच्या जागी कापड चुण्या धरेल.

आता एक ओळ कशी होते ते बघ. ताणा उघडून दाण्याचा धागा आरपार टाकायचा, पण ताणायचा नाही, सैल ठेवायचा. मग नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे मोजत, जिथे दाणा हवा तिथे दोन धाग्यांमधून तो बोटाने वर उचलायचा आणि सळईवर फेरा घालून बसवायचा. जिथे दाणा नको तिथे धागा खालीच सपाट राहतो. ओळ पुरी झाली की सळई तशीच ठेवून भरणीच्या बारीक धाग्याच्या दोन फेऱ्या विणायच्या आणि फणीने घट्ट ठोकायचं. सळई त्यानंतरच काढायची.

दाण्याला गाठ नाही, डिंक नाही. त्याला धरून ठेवतो तो फक्त हा ठोका. म्हणून ठोकण्याआधी सळई काढली की फेरे मागे सरकतात आणि दाणा बुडतो. सळई सरळ आडवी ओढायची, ज्या दिशेने फेरे घातलेत त्याच्या उलट किंचित फिरवत. वर उचकटली की शेवटचे दाणे वाकडे होतात. काढून झाल्यावर आणखी एक हलका ठोका दे. सळया दोन ठेवल्यास तर आणखी बरं. नवी ओळ बसेपर्यंत आधीची आत राहू दे, दाणे एका उंचीचे येतात.

सगळ्यात जास्त चुका धागा उचलताना होतात. तू एक फेरा वर ओढतोस तेव्हा त्याला लागणारा धागा कुठून तरी येतो. काठाला अडकलेल्या बाजूने सुरुवात करून मोकळ्या टोकाकडे गेलास तर तो मोकळ्या बाजूने येत राहतो. उलट गेलास तर आधीच्या फेऱ्यातून खेचला जातो, मागचा दाणा लहान होतो आणि शेवटी काठही आत ओढला जातो. कापड मध्ये कंबर बांधल्यासारखं दिसायला लागलं तर कारण हेच असतं. दुसरं म्हणजे फेरे नेहमी एकाच दिशेने घाल. मध्येच दिशा बदलली तर दाण्याचा पीळ उलटा पडतो, आणि तो पट्टा तिरप्या उजेडात वेगळा चमकतो. रंगाचा दोष समजून लोक सूत बदलतात, पण दोष हाताचा असतो.

नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, एक चौकट म्हणजे एक दाणा. म्हणून तिरपी रेघ पायऱ्यांनीच उतरते आणि गोलाई कमी असते. हात धरून नाचणाऱ्या बायका, घोडेस्वार, वेली, फुलांच्या परड्या आणि मोर हे तिथले नेहमीचे आकार. मोर पाहून तुला पैठणी आठवेल, पण नातं लावायला जाऊ नकोस. वेळेचा हिशोब मात्र आधी कर. 60 सेंटिमीटर रुंदीत दर अर्ध्या सेंटिमीटरला एक म्हटला तर ओळीत 120 दाणे होतात. ओळीही अर्ध्या सेंटिमीटरवर धरल्या आणि नक्षीने निम्मीच जागा घेतली, तरी मीटरभर कापडात 12,000 दाणे, सगळे बोटांनी उचललेले. तिथल्या विणकर बाई जी किंमत सांगतात ती याच्यापुढे मला कधीच जास्त वाटत नाही.

बेटावर सगळीकडे असं विणत नाहीत. नूले गावात उभा माग असतो, आडवा धागा हातानेच रंगारंगाने भरतात आणि जड फणीने दाबतात. तो गालिचा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. ऑर्बाचे नावाचं कापड तर तुझ्या घोंगडीचं चुलत भावंड वाटेल. तिथली मेंढी दुधासाठी पाळलेली, लोकर भरड. ती विणून, पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली ओली कुटत, इतकी घट्ट करायची की पाऊस आत शिरत नाही. तियाना गावात असा एक कुटाईचा कारखाना जतन केलेला आहे.

हे सगळं टिकण्यामागे एउजेनिओ ताव्होलारा या सासारीच्या कलाकाराचे कष्ट मोठे आहेत. 1957 साली बेटावरच्या कारागिरांसाठी इसोला ही सरकारी संस्था उभी राहिली, तिच्यामागचा तो प्रमुख माणूस. त्याने विणकर बायकांबरोबर बसून नव्या नक्ष्या आखल्या. वीण त्यांची राहिली, आणि मला हेच त्याचं शहाणपण वाटतं.

तुझ्या भावाने चाकूचं विचारलं होतं. पात्तादा गावच्या मिटवायच्या चाकूला रेसोल्झा म्हणतात. पातं मर्टल या झुडपाच्या पानासारखं, लांबट आणि निमुळतं. मूठ एडक्याच्या शिंगाची. शिंग बुडाशी पोकळ आणि टोकाकडे भरीव असतं, म्हणून अख्ख्या तुकड्याच्या मुठीला टोकाकडचाच भाग लागतो, त्यात करवतीने पात्यासाठी खाच पाडतात. दुसऱ्या प्रकारात लोखंडी कमानीच्या दोन्ही बाजूंना शिंगाच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकतात. शिंग आधी चांगलं वाळलेलं हवं, मग आगीवर शेकून नरम करून सरळ करतात. जास्त शेकलं तर ते करपतं आणि ठिसूळ होतं. ओलं वापरलं तर मूठ पुढे आटून पिळते आणि पातं खाचेच्या भिंतीला घासायला लागतं.

या चाकूला ना लॉक ना स्प्रिंग. पातं जागेवर राहतं ते आसाच्या रिव्हेटच्या घट्टपणावर, आणि तोंडाशी पितळी कडं असतं ते शिंग फाटू नये म्हणून. सैल झाला तर टाकून देऊ नका. रिव्हेटचं एक डोकं लोखंडावर टेकवून दुसऱ्यावर हलके दोन-तीन ठोके द्यायचे, दर ठोक्याला उघडझाप करून बघायचं. पाण्यात भिजत ठेवायचा नाही. साध्या पोलादाचं पातं काळवंडतं, तो दोष नाही. पुसून तेलाचा हात दिला की झालं.

सागरी रेशमाबद्दल एकच सांगतो, ते विकत घेऊ नकोस. पिन्ना नोबिलिस या मोठ्या शिंपल्याच्या तंतूंचं ते सूत, सार्डिनियालगतच्या सांत आंतिओको बेटावर त्याची परंपरा आहे. पण हा शिंपला संरक्षित आहे, आणि 2016 पासून एका परजीवीमुळे भूमध्य समुद्रात तो जवळपास संपत आला आहे. दुकानात कुणी नवं म्हणून दाखवलं तर ते एक तर खोटं असेल, नाही तर बेकायदा.

तू आधी हातभर रुंदीचाच नमुना घाल, एका रंगात, साध्या चौकटींचा. मागावरून उतरवलास की मागच्या बाजूचा फोटो पाठव. पुढून दाणे सगळं झाकतात. धागा कुठे खेचला गेला ते मागच्या सपाट बाजूवरच दिसतं, तेवढ्यावरून मी तुला सांगू शकेन. आणि इस्त्री उलट्या बाजूनेच कर, खाली जाड टॉवेल घालून, नाही तर एवढे उचललेले दाणे चपटे होतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक