जुनं ट्विन टर्बोप्रॉप घेण्याआधी

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या किंग एअर २०० चे, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाचे फोटो आणि माहितीचा कागद, दोन्ही नीट पाहिले. जाहिरातीत ‘नुकतंच रंगवलेलं’ असं ठळक छापलंय. त्या रंगाबद्दल मला एवढंच विचारायचंय की रंगकामानंतर एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर या विमान वळवणाऱ्या, वर-खाली नेणाऱ्या हलत्या भागांचं बॅलन्सिंग पुन्हा केलंय का? आणि केलं असेल तर लॉगबुकात तशी नोंद आहे का? रंगाचा थर चढला की त्यांचं संतुलन बिघडतं आणि वेगात ते फडफडायला लागण्याचा धोका असतो. ही नोंद सापडली नाही, तर जिथे नजर पोचत नाही तिथली कामं कशी उरकली असतील, ते तूच ओळख.

किंमत बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटलंय, ते पत्रावरून कळलं. पण गड्या, या वर्गातलं जुनं विमान घेणं म्हणजे दोन इंजिनांचे उरलेले तास विकत घेणं. बाकीचं विमान त्यांच्याबरोबर येतं. किंग एअर २०० च्या पीटी६ इंजिनाचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, साधारण ३,६०० तासांनी येतो आणि निम्म्या वाटेवर, १,८०० च्या आसपास, हॉट सेक्शनची, म्हणजे आतल्या सर्वांत तापणाऱ्या भागाची तपासणी. तुझ्या कागदावर दोन्ही इंजिनं ३,२०० च्या पुढे आहेत. म्हणजे उरलेले चारेकशे तास उडवून झाले की दोन्ही ओव्हरहॉल एकदमच दारात उभे. एवढ्या जुन्या विमानात त्या दोन बिलांची बेरीज खरेदीच्या किमतीलाही भारी पडू शकते. विकणारा आत्ताच का विकतोय, हे आता वेगळं सांगायला नको.

बरं, तास भरपूर शिल्लक असले तरी हुरळून जायचं नाही. आतल्या डिस्कचं, म्हणजे पाती बसवलेल्या चकत्यांचं आयुष्य सायकलींवर मोजतात, म्हणजे इंजिन सुरू करून, उडून, पुन्हा बंद केल्याच्या फेऱ्यांवर. छोट्या छोट्या हेलपाट्यांत वापरलेल्या विमानाचे तास कमी दिसतात, पण सायकली भरत आलेल्या असतात. आणि वर्षभर नुसतं उभं असलेलं विमान तर मी नियमित उडणाऱ्या विमानापेक्षा वाईटच धरतो. सील वाळतात, कॉम्प्रेसरला गंज धरतो, टाकीत पाणी साचून बुरशी वाढते.

बोअरस्कोपच्या, म्हणजे इंजिनात बारीक कॅमेरा घालून बघण्याच्या वेळी तू स्वतः तिथे उभा राहा. इंजिन हाताने हळूहळू फिरवतात, टर्बाइनचं एकेक पातं पडद्यावरून सरकत जातं. चांगल्या पात्याची कड स्वच्छ, सलग असते. खाऱ्या हवेत राहिलेल्या इंजिनात लेप फुगून सुटलेला दिसतो, खाली धातू खरवडल्यासारखा, आणि कधी कडेला केसाएवढी चीर. ते सगळं रेकॉर्ड करून घे. तपासणी मात्र ज्या वर्कशॉपने हे विमान आजवर सांभाळलंय त्यांच्याकडून करून घेऊ नकोस. स्वतःच्याच कामात खोट कोण काढणार?

तू निवडशील त्या त्रयस्थ वर्कशॉपला विमानाचं वय बघून तपासायला सांग. किंग एअर २०० ला तपासणीचे चार फेज, म्हणजे टप्पे असतात, दर २०० तासांनी एक, आणि चारही २४ महिन्यांत पुऱ्या व्हाव्या लागतात. लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या यंत्रणेच्या ओव्हरहॉलला लँडिंगच्या संख्येबरोबर दिनदर्शिकाही लागू, ६ वर्षं झाली की तो येतोच. पंखांचे बोल्ट, पंखांवरचा बर्फ फोडणारे डी-आयसिंगचे रबरी बूट, विंडशील्डचे सुटत चाललेले थर, प्रोपेलर, हे सगळं बघायचं. कॉकपिटमध्ये जुने काचनळीचे डिस्प्ले असतील तर त्यांचे सुटे भाग मिळणं अवघड होत चाललंय, ते पैसे आत्ताच किमतीतून वजा कर.

चाचणी उड्डाणात दोन्ही इंजिनांना सारखा टॉर्क (शाफ्टचा पीळ, म्हणजे सारखाच जोर) लाव आणि आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधलं तापमान बघ. एक इंजिन दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त तापत असेल तर कारण सापडेपर्यंत सही नाही. वर गेल्यावर केबिनचा दाबही बघ. बी२०० मध्ये, म्हणजे २०० च्याच सुधारित आवृत्तीत, तो बाहेरच्यापेक्षा ६.५ पीएसआयपर्यंत जास्त राहायला हवा. नाही राहिला तर दाराच्या सीलपासून शोध सुरू.

तू एमयू-२ आणि कॉन्क्वेस्ट २ या दुसऱ्या दोन ट्विन टर्बोप्रॉप विमानांबद्दलही विचारलंयस. दोन्हींत टीपीई३३१ इंजिन. त्याचा प्रोपेलर गिअरमार्फत थेट मुख्य शाफ्टला जोडलेला, त्यामुळे पॉवर झटकन मिळते आणि इंधन कमी लागतं, पण जमिनीवर कान किटतात. विमानं वेगवान आहेत, किंमतही मोहात पाडते. पण एमयू-२ ला एलेरॉनच नाहीत, वळायचं ते स्पॉयलरवर, म्हणजे पंखावर उभ्या होणाऱ्या पट्ट्यांवर, आणि अमेरिकेत २००८ पासून तिच्यासाठी खास प्रशिक्षण सक्तीचं आहे. तिला रोज हात लावणारा मेकॅनिक हाताशी नसेल तर मी तिकडे फिरकणार नाही. किंग एअर मंद म्हण, महाग म्हण, पण तिचे जाणकार सगळीकडे सापडतात.

आणखी एक, आसनं मोजून हिशेब करू नकोस. बी२०० चं कमाल टेकऑफ वजन ५,६७० किलो. टाक्या काठोकाठ भरल्या की इंधनच १,६५० किलोच्या घरात जातं. मग आठ माणसं आणि त्यांच्या बॅगा बसतात, पण विमान कायद्याने उठत नाही. लांबचा पल्ला आणि भरलेली केबिन यातलं एकच निवडावं लागेल.

कागदांचं पाहायला वकील लाव. इंजिन, प्रोपेलर आणि सांगाडा यांची लॉगबुकं पहिल्या दिवसापासून सलग हवीत. मधलं एखादं हरवलं असेल तर भाव तिथेच घसरतो. विमानावर कर्जाचा बोजा आहे का, ते नोंदणी खात्यात बघ, आणि केप टाउन कराराखाली चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतही. बयाणा एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात ठेव, आणि तपासणी मनासारखी झाली नाही तर तो परत मिळेल असं लेखी घे.

हे सगळं जुळलं तरी आधी विमा कंपनीला फोन लाव. दुसरं इंजिन कामाला येतं ते टेकऑफला पहिलं बंद पडल्यावर वैमानिकाचे हात-पाय बरोबर चालले तर, नाहीतर तेच विमानाला उलटं करतं. म्हणून सिम्युलेटरवर प्रशिक्षण घेतल्याशिवाय बहुतेक विमेवाले दारात उभं करत नाहीत, आणि तुझे ट्विनवरचे तास फार नाहीत. त्यांचं उत्तर आलं की मला दोन्ही इंजिनांच्या लॉगबुकांची शेवटची पानं पाठव, मग पुढचं बोलू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बापू