आजीला इथपर्यंतच वाचून दाखव

स्विंडन, इंग्लंड, रविवार

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मेतकुटाची पिशवी न फुटता पोचली. चिवडा मात्र ऑफिसात उघडला आणि तिथेच संपला. खोकला गेला, थर्मल घालते, रात्री-अपरात्री एकटी फिरत नाही. झालं समाधान?

आजीला फोनवर ऐकू येत नाही आणि आत्यानं तिच्या कानावर भलतंच काही घातलंय, म्हणून हे पत्र. मोठ्यानं वाचून दाखव. आजी, मी बाटलेबिटले नाही. ज्या फोटोवरून एवढा गहजब झाला त्यात मी चर्चमधल्या दगडी कुंडाशेजारी उभी आहे, हे खरं. पण त्या कुंडात आमच्या घरमालकीणबाईंच्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा झाला होता. फोटो त्यांना हवा होता, आणि कुंडाचा आकार कळावा म्हणून त्यांनी मला शेजारी उभं केलं. बस्स, एवढंच.

इथली माणसं निवृत्त झाली की त्यांना एक वेड लागतं. डबा घेऊन दफ्तरखान्यात जातात आणि आपले पूर्वज शोधत बसतात. त्यात श्राद्ध नाही, जमिनीचा दावा नाही, कुणाची सोयरीक जमवायची नाही. कशासाठी, म्हणून मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "कळावं म्हणून." त्यांची नजर अधू झालीय, म्हणून मला सुटी असली की आम्ही गाडीनं चिपनमला जातो. तिथे स्टेशनजवळच विल्टशर जिल्ह्याचा दफ्तरखाना आहे. आत पेन न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल. कोट, बॅग, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. चर्चच्या जुन्या नोंदींच्या बऱ्याचशा वह्या आता पडद्यावरच बघायला मिळतात. पण अस्सल वही हाती आलीच तर ती स्पंजाच्या उशीवर ठेवायची, पान मिटू नये म्हणून त्यावर शिसं भरलेली कापडी दोरी, आणि कुजबुजत बोलायचं. एवढे लाड इथे जिवंत माणसाचे होताना मी पाहिले नाहीत.

हे पुढचं बाबांसाठी. या वह्या १५३८ पासूनच्या. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्यानं हुकूम काढला की प्रत्येक गावच्या पाद्र्यानं दर रविवारी आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून काढायची आणि वही कुलपाच्या पेटीत ठेवायची. लोकांना वाटलं, आता यावर कर बसणार. पुढे बसलेही, त्यातला एक १७८३ मध्ये. दर नोंदीला तीन पेन्स, गरिबांना माफ. अकरा वर्षांत तो उठलाही. १५९८ पासून वर्षाकाठी नोंदींची नक्कल बिशपकडे धाडायची, असाही नियम झाला. बाईंच्या गावची एक वही ओलीनं पार गेलेली, तिथे त्या नकलेनंच तारलं. आजोबा म्हणायचे ना, तलाठ्याकडचा कागद उंदरानं खाल्ला तरी तहसिलात एक असतोच! आणि आजीला सांग, यांचंही नवं वर्ष १७५१ पर्यंत मार्चातच लागायचं, २५ तारखेला. त्यामुळे १७४० चा फेब्रुवारी लिहिलेला असला तर तो आजच्या हिशेबानं १७४१ चा धरायचा. बाईंच्या वंशावळीत एक पोरगं त्यापायी आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसत होतं. मी ते सोडवून दिलं, तर बाई जराशा खट्टू झाल्या!

कारण खरोखर तसं जन्मलेलं एक त्यांच्याकडे आहेच, आणि त्याचं त्यांना कोण कौतुक. पाद्र्यानं नावापुढे 'अनौरस' असं सरळ लिहून ठेवलंय. असं मूल ज्या गावात जन्मेल त्या गावानं गरज पडली तर पोसायचं, असा कायदा होता. म्हणून पोटुशी बाई दिसली की गावकारभारी तिला हद्दीबाहेर घालवायला बघायचे. आपल्या घरात असं काही निघालं असतं तर ते पानच जागेवर राहिलं नसतं. बाई मात्र चहाला येईल त्याला सांगतात.

जुनं अक्षर मला बरं लागतं. एस हा एफसारखा, शब्द अर्धवट तोडलेले, १७३३ पर्यंत कित्येक ठिकाणी लॅटिन. पण आजोबांच्या मांडीवर बसून मोडीचे कागद बघितलेत, मी काय घाबरते! एक पान मात्र डोळ्यांपुढून जात नाही. १७५४ पासून लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात आणि नवरानवरीच्या सह्यांनिशी व्हायला लागली. बाईंच्या त्या खापरपणजोबांच्या आईबापांची नोंद आहे. नवऱ्यानं नाव लिहिलंय, जाड आणि डावीकडे कललेलं. नवरीची फुली. एक रेघ आखूड, दुसरी चौकटीबाहेर गेलेली, आणि जिथे लेखणी टेकवून ती थांबली असेल तिथे शाईचा ठिपका. माहेरचं आडनाव तिच्या नावापुढे दिसतं ते त्या पानावर शेवटचं. पुढे मुलांच्या बाप्तिस्म्यांना बापाचं नाव पुरतं आणि ती नुसती मेरी. आता मेरी त्या गावात थोड्या का होत्या?

बाई हळहळल्या, तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतात. त्यांना खरंच वाटेना. म्हणाल्या, मग तुझ्या आजीचं आधीचं नाव काय? मला सांगता आलं नाही. आजी, काय गं तुझं माहेरचं नाव? आणि तुझ्या आईचं? आईला लिहून घ्यायला लाव आणि फोटो धाडायला सांग. बाबा, आजोबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलात तेव्हा उपाध्यांच्या चोपडीत आपलं घराणं निघालं म्हणालात. त्यात बायकांची नावं आहेत का? आणि नातवंडांत माझं घातलंत का?

आई, आजीला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तुझं तू वाच.

या बाईंचा मुलगा रीडिंगला असतो, गाडीनं अर्ध्या तासावर. येतो नाताळला. दोनशे वर्षांपूर्वीची माणसं हुडकायची आणि पोटचा पोरगा वर्षाकाठी एकदा बघायचा, असं मी मनात म्हणाले खरी. पण मी कोण बोलणार? आजोबांच्या वर्षश्राद्धाला मी मुद्दाम आले नाही असं काकू म्हणाली, ते दादाकडून कळलं. व्हिसाचा अर्ज आत असताना देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. हे तिला सांगू नकोस, तिला पटणार नाही. आजोबा आंब्याच्या दिवसांत 'येतेस का' म्हणाले होते, तेव्हा तर अर्जही नव्हता.

पैशांचं. या महिन्यात निम्मेच पाठवतेय. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही पुढच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागला. कौलांचं काम मागच्या पडवीपुरतं आधी करून घ्या, बाकीचं दिवाळीपर्यंत मी बघते. तुझ्या पाटल्या बँकेत ठेवायच्या नाहीत. खरंच नाहीत. मी इथे मजेत आहे, उपाशी नाही.

आणि मावशीला सांग, कोल्हापूरचं स्थळ नको. एक मुलगा आहे. लातूरचा, ब्रिस्टलला इंजिनिअर, स्वयंपाक माझ्याहून बरा करतो. आपल्यातला नाही. लग्नानंतर नाव बदलणार नाही असं मी त्याला आधीच सांगून टाकलं; म्हणाला, त्याच्या आईला कुणी विचारलंच नव्हतं. बाबांना तू सांग. जेवण झाल्यावर सांग, आधी नको, आणि शुगरची गोळी घेतलीय ना ते बघून. शनिवारी तुमच्या रात्री नऊला फोन करते. तेव्हा आत्या घरात नसेल असं बघ.

तुझी,
मनू