वायंडिंगवाल्या अण्णांना उघडं पत्र: चुंबकी ढवळणीबद्दल

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इचलकरंजीला सुखरूप पोचलात हे तुमच्या लेकीकडून कळलं. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि फोन माईंच्या हातात देता. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे मराठी लोक आता इथे अमेरिकेतही आहेत आणि तिकडेही. चुंबकाने द्रावण ढवळणारं जे यंत्र तुम्ही करून दिलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अण्णांनी जन्मभर इचलकरंजीत मोटारी भरल्या, म्हणजे जळालेल्या मोटारींच्या तारेची वेटोळी नव्याने गुंडाळली. यंत्रमागाची मोटार जळाली की ती त्यांच्या दुकानात यायची, आणि माग बंद म्हणजे त्या घरची कमाई बंद, त्यामुळे ती शक्यतो त्याच रात्री परत जायची. ते न्यू जर्सीत, एडिसनला, लेकीकडे सहा महिने राहायला आले होते. ती माझी शेजारीण. आमच्या तळघरात ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची, प्रवाळांची टाकी आहे.

अण्णा, ती टाकी पहिल्यांदा पाहिल्यावर तुम्ही विचारलंत, "हे समुद्रातनं ओरबाडून आणलंय का?" इतकं सरळ कुणी विचारत नाही. मी सांगितलं की ही सगळी तुकड्यांपासून वाढवलेली आहेत. एकाच्या टाकीत वसाहत मोठी झाली की तिची फांदी छाटून दुसऱ्याला द्यायची, ती दगडाच्या बुंध्यावर चिकटवायची, आणि ती तिथे धरते. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत, हे ऐकून तुमचं समाधान झालं आणि मगच तुम्ही खुर्ची ओढून बसलात. त्या प्रश्नासाठीही मला तुमचे आभार मानायचे आहेत.

मग मी माझं दुखणं सांगितलं. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, आणि त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मुख्यतः त्यातल्या बायकार्बोनेटमुळे) रोज खर्च होते. समुद्रात त्याची ददात नसते. टाकीत ते रोज आपल्याला भरावं लागतं. त्यासाठी दोन द्रावणं वेगवेगळ्या बाटल्यांत करून ठेवायची, एक कॅल्शियम क्लोराइडचं आणि एक सोड्याचं. घट्ट स्वरूपात ती एकत्र आली की क्षणात पांढरा चुना खाली बसतो आणि सगळं वाया जातं. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पडताच पाणी तापतं आणि ते चटकन विरघळतं. खाण्याच्या सोड्याचं उलट आहे. तो विरघळताना पाणी गार होतं, आणि २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात जेमतेम ९६ ग्रॅम मावतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तळघर त्याहून बरंच गार असतं. लाकडी चमच्याने ढवळून मनगट दुखायचं, तळाशी साखरेसारखा थर तसाच राहायचा, आणि त्यामुळे प्रत्येक बाटलीची ताकद निराळी व्हायची. मापून घातलं तरी काय घातलं याची खात्री नसायची.

तिसरी गोष्ट चुन्याची निवळी. टाकीतून रोज पाणी उडून जातं, त्याची भर मी कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पाण्याने करते, रात्री, थेंबाथेंबाने, कारण रात्री टाकीचा पीएच खाली येतो. तुम्ही विचारलंत, "पानाला लावतो तोच का?" तोच, फक्त शुद्ध प्रतीचा.

चुंबकी ढवळणी प्रयोगशाळेत असते हे मला ठाऊक होतं. भांड्याखाली फिरतं चुंबक, भांड्यात प्लास्टिकचं आवरण असलेली छोटी चुंबकी कांडी. विकतही मिळते. पण तुम्ही म्हणालात, "पोरी, मशीन मागनं. आधी माल काय हाय ते सांग." आणि मग चौकशी सुरू झाली. पाणी किती? घट्ट किती? किती वेळ फिरायला हवं? आणि शेवटी विचारलंत, जोरात फिरलं तर बिघडतं काय?

अण्णा, हा शेवटचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे जोर कसा वाढवायचा तेच सांगतात. सोड्याला जोर चालतो. पण चुन्याच्या निवळीत जोराने भोवरा झाला की हवा आत ओढली जाते, हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला धरतो, त्याचा खडू होतो आणि निवळीची ताकद जाते. तिथे झाकण लावून, अगदी मंद, पृष्ठभाग हलू न देता फिरवायचं, आणि मग गाळ बसू द्यायचा. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, मागावरसुद्धा धागा चालीनं तुटत नाही, झटक्यानं तुटतो. तिथून पुढे तुम्ही जे जे केलंत त्यात हा झटका टाळणं होतं.

पंखा आमच्याकडच्या मोडक्या कॉम्प्युटरमधला, १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा. तुम्ही तो आधी बोटाने फिरवून कानाशी धरलात. "बुश हाय का बेअरिंग?" एक बुशचा, म्हणजे गोळ्यांऐवजी साध्या नळीत दांडा फिरणारा, निघाला, तो बाजूला ठेवलात, कारण पंखा आडवा ठेवून वर चुंबकाचं ओझं द्यायचं तर बॉल बेअरिंगच हवं. पाती छाटून टाकावीत असं मी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही छाटू दिली नाहीत. हवेचा भार असला की चाल एकसारखी राहते, हे तुमचं कारण.

चुंबकांसाठी मी जुनी हार्ड डिस्क उघडली होती. तिच्यातलं चुंबक जबरदस्त असतं आणि त्याच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव असतात, त्यामुळे एकच तुकडा पुरेल असं मला वाटलं. तुम्ही तो हातात तोलून सांगितलंत की याचा आकार कमानीचा आहे, मध्यावर बसणार नाही, थरथर करील. म्हणून १२ मिलिमीटर व्यासाच्या दोन गोल निओडिमियम चकत्या मागवल्या. पंख्याच्या मधल्या गोल भागावर आधी प्लास्टिकची चकती, तिच्यावर लोखंडी रुंद वॉशर, आणि वॉशरवर ही दोन चुंबकं, एकाचं उत्तर तोंड वर, दुसऱ्याचं दक्षिण. दोन्हींची तोंडं सारखी असती तर कांडीचं एक टोक ओढलं गेलं असतं आणि दुसरं ढकललं गेलं असतं.

वॉशर का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. दोन कारणं तुम्ही दाखवून दिलीत. एक तर चुंबकं त्याला आपणच धरून राहतात, त्यामुळे गोंद लावायच्या आधी सरकवून नेमकं अंतर साधता येतं. आम्ही मध्यापासून मध्यापर्यंत ३० मिलिमीटर ठेवलं, ४० मिलिमीटरच्या कांडीसाठी. दुसरं म्हणजे खालच्या बाजूचं चुंबकी क्षेत्र लोखंडातूनच वळून जातं आणि पंख्याच्या मोटारीपर्यंत फारसं पोचत नाही. या पंख्यांत चुंबकाची जागा ओळखणारा एक संवेदक असतो. त्याला बाहेरचं चुंबक दिसलं की पंखा अडखळतो. तुम्ही असला छोटा ब्रशलेस पंखा आधी कधी उघडला नव्हता, तरी हे तुम्ही वॉशरशिवाय एकदा फिरवून, त्याची अडखळ ऐकून ओळखलंत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या सांगाड्याला आणि मूठ कानाला. तसं ऐकताना तुम्ही डोळे मिटता.

खोक्यासाठी मी स्टीलचा डबा आणला. चुंबक चिकटत नव्हतं, म्हणून मला चालेलसा वाटला. तुम्ही नको म्हणालात. चुंबक न चिकटणाऱ्या पत्र्यातसुद्धा फिरत्या चुंबकामुळे एडी करंट, म्हणजे विजेचे भोवरे, उठतात आणि ते चुंबकालाच मागे ओढतात. मग प्लास्टिकचा डबा आणि वर ३ मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा पत्रा. भांडं सपाट बुडाचंच घ्यायचं हेही तेव्हाच ठरलं, कारण बूड मध्ये फुगलेलं असेल तर कांडी घसरून कडेला जाते.

वेगासाठी तुम्ही व्होल्टेज हवं तेवढं खाली आणणारं छोटं बक कन्व्हर्टरचं सर्किट बसवलंत, जुन्या राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर. इथे एक पेच होता. पंखा फार कमी व्होल्टेजला जागचा उठत नाही, आणि तो झपकन उठला तर भांड्यातली कांडी चुंबकापासून सुटून तडतडत बसते. तुमचा उपाय साधा होता. आधी रिकामाच पंखा चालू करायचा, तो उठला की चाल खाली आणायची, आणि मग वर भांडं ठेवायचं. कांडी मंद चालीला आपोआप धरते, नंतर हवा तेवढा वेग हळूहळू वाढवायचा. माईंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका तुम्ही बटणाशेजारी लावलात, चुन्याच्या निवळीची मर्यादा म्हणून. आमचा मुलगासुद्धा त्या ठिपक्यापुढे बटण नेत नाही.

कांडी मात्र तुम्ही घरी करू दिली नाहीत. खिळ्याचा तुकडा प्लास्टिकच्या नळीत बंद करून चालेल असं बरेच जण सांगतात. पण चिरेतून पाणी शिरलं की लोखंड गंजणार, आणि तो गंज प्रवाळांच्या पाण्यात जाणार. "पाण्यात जाणारी वस्तू विकतचीच घे, बाहेरची आपण करू." टेफ्लॉनचं आवरण असलेली प्रयोगशाळेची कांडी घेतली. ॲडॉप्टर भांड्यांच्या वर टांगलात आणि वायरीला खाली झोळ दिलात, म्हणजे ओघळ आला तर झोळावरून खाली पडेल, जोडणीत शिरणार नाही. खाऱ्या पाण्याशेजारी वीज वापरणाऱ्या प्रत्येकाने हा झोळ ठेवावाच.

आणि जे मी मागितलंही नव्हतं ते तुम्ही करून दिलंत. अल्कलिनिटी तपासताना मी एका हाताने काचेची कुपी हलवत आणि दुसऱ्या हाताने आम्लाचे थेंब सोडत असते, आणि हिरवट निळ्याचा गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला होतो ते धरायचं असतं, हे तुम्ही पायरीवर बसून पाहिलंत. दुसऱ्या दिवशी ८० मिलिमीटरच्या पंख्यावर, चुंबकं जवळजवळ बसवलेली, छोट्या कांडीची लहान ढवळणी तयार होती. कुपी तिच्यावर ठेवायची, मागे पांढरा कागद, आणि दोन्ही हात थेंबांना मोकळे. रंग आता एका थेंबात पालटताना दिसतो.

सोडा पूर्ण विरघळतो. बाटलीतलं पाणी आरपार स्वच्छ दिसेपर्यंत ढवळणी फिरत राहते, मी तोवर स्वयंपाक करते. प्रत्येक बाटलीची ताकद सारखी झाल्यापासून टाकीची अल्कलिनिटी ८ ते ८.५ डीकेएचमध्ये (हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) राहते, कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. हे आकडे मोठे नाहीत, पण प्रवाळांना आकडा मोठा नकोच असतो, आज आहे तोच उद्या हवा असतो. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाची टोकं पांढुरकी-निळी दिसायला लागली आहेत, म्हणजे तिथे नवा सांगाडा धरतोय. मागच्या काचेवर जांभळं कोरलाइन शेवाळ पसरतंय. फोटो तुमच्या लेकीच्या फोनवर पाठवलेत, ते मोठे करून पाहा. तुम्ही ज्याला "ती शेंगदाण्याएवढी फांदी" म्हणायचात ती डावीकडे, वरच्या दगडावर आहे.

अण्णा, तुमच्या हातून आजवर किती मोटारी गेल्या असतील! त्यांतल्या एकीलाही एवढं हलकं काम नसेल. तरी तुम्ही हिला तितकाच वेळ दिलात. परक्या देशात, शेजारणीच्या तळघरात, थंडीत स्वेटरवर स्वेटर घालून. मी पैशांचं काढलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून ते पुन्हा काढत नाही. पण मला जे मिळालं ते मी विसरणार नाही, आणि ज्यांना ही ढवळणी बनवायची असेल त्यांना मी तुमच्याच क्रमाने सांगते: आधी माल काय ते विचारा, मग मशीन.

माईंना नमस्कार सांगा. आणखी एक विचारायचं राहिलं. मोठ्या पंख्याचा आवाज अलीकडे किंचित जड वाटतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं, घरघर नाही, पण पूर्वीसारखा पातळही नाही. बेअरिंगला तेल द्यायचं का, आणि कुठलं, की वॉशर सरकला असेल? रविवारी फोन करते तेव्हा पंखा चालू ठेवून फोन त्याच्याजवळ धरीन, ऐकून सांगा.

तुमची,
एडिसनची शेजारीण