टाकीवर नाव तुमचं

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या शर्यतीच्या मोटारसायकलच्या टाकीवर तुमच्या कृषी केंद्राचं नाव बघून अमळनेरात लोक अजून विचारतात, "किती दिले रे आप्पांनी?" म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी दुकानात आलो, तेव्हा कपाशीच्या बियाण्याला रांग लागली होती. त्या दिवसांत तुमचा पैसा मालात आणि उधारीत अडकलेला असतो, वसुली थेट कापूस विकल्यावर. तरी तुम्ही मला खताच्या पोत्यावर बसवलंत आणि बिलाच्या पाठीवर हिशेब मांडायला लावलात. नाशिकच्या एका डर्ट ट्रॅक (मातीच्या ट्रॅकवरच्या) शर्यतीसाठी टायरजोडी 9,000, गाडी न्यायला पिकअप 8,000; प्रवेश फी, लायसन्स, मुक्काम धरून 27,000. गॅरेजमधला पगार 19,000. मागच्या वेळचं दुसऱ्या नंबरचं बक्षीस 7,000.

"बाकीना कोठून लयस?" तुम्ही विचारलंत. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आईची पोत सराफाकडे गहाण होती.

"पहिले मायनी पोत सोडाई लय, मंग टायरना भाव सांग."

पोत सोडवायचे पैसे उसने दिलेत, ते मी महिन्याला 2,000 करून फेडले. टायरचे पैसे दुकानाच्या जाहिरातखर्चात लिहिलेत, ते कधी मागितले नाहीत. नाशिकचा द्राक्षवाला बियाणं घ्यायला अमळनेरला येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं आप्पा.

आपला भारतीय रायडर हरिथ नोआ 2024 च्या डकार या वाळवंटातल्या मोठ्या शर्यतीत रॅली 2 गटात पहिला आला, हे मी कौतुकानं सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याच्यामागे कोण होतं?" टीव्हीएसची टीम होती. बोरीच्या कोरड्या पात्रात सराव करणाऱ्या माझ्यामागे घर होतं, आणि तेच मी पणाला लावत होतो.

विम्याचा कागदही तुम्हीच वाचायला लावलात. शर्यतीत झालेलं नुकसान गाडीच्या नेहमीच्या विम्यात बसत नाही, हे इतकी वर्षं गाडी पळवून मला माहीत नव्हतं. तेव्हापासून शर्यतीची वही वेगळी, आणि दर पगाराला दीड हजार दवाखान्यासाठी बाजूला. गेल्या वर्षी उडीवरून पडून हासळीचं हाड मोडलं. ऑपरेशनचं बिल त्यातून आणि घरच्या थोड्या शिलकीतून भागलं. आईनं हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसताना पोत घातलेली होती. मी ती बघत पडलो होतो आणि तुमची आठवण येत होती.

डॉक्टरांनी आता गाडीवर बसायला परवानगी दिली आहे. त्या पडण्यात टाकीवरचं नाव खरवडून अर्धं गेलंय. रविवारी गाडी धुऊन दुकानापुढे आणतो, पेंटरलाही सांगितलंय. वही सोबत असेल, नेहमीसारखी तपासा.

तुमचा,
गॅरेजवाला पोरगा