‘तिले दुखस, माय’ : नालबंद चाचांना आभाराचं पत्र

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही नालबंदीचे तेवढे पैसे घेतलेत आणि बाकीच्या मदतीला “राहू दे” म्हणून निघून गेलात. त्या बाकीच्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दरवर्षी कितीतरी घोडी नव्या दावणीला जातात आणि त्यांतल्या काहींच्या नावाला लगेच ‘खोडीची’ हा शब्द चिकटतो. आमच्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाच्या नि काळ्या आयाळीच्या, घोडीलाही चिकटलाच होता.

दत्तजयंतीच्या यात्रेत अण्णांनी तिला घेतलं, तेव्हा तिची रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी झपाझप, चाल बघायला माणसं थांबत होती. घरी आल्यावरही खरारा करू द्यायची, पाय उचलू द्यायची, लहान मुलांच्या हातून गूळ खायची. खोगीर चढलं की मात्र निराळीच. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला यायची, लगाम जरा ओढला की मान झटकायची आणि दुडकीवर घेतलं की पाठ वर काढून मागचे पाय झाडायची. मग गावभरचे सल्ले सुरू झाले. एकाला कपाळावरच्या भोवऱ्यात दोष दिसला, दुसऱ्यानं काटेरी लगाम आणायला सांगितलं. असल्या लगामाला १९६५ सालापासून नियमानं बंदी आहे, हे तुम्ही त्या माणसाला तोंडावर सुनावलंत. त्याबद्दल तुम्हाला वेगळा नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही आधी तुमचं काम केलंत. चारी खूर तपासले, नाल काढून पाहिले आणि “टापमा काही नही” असं स्वच्छ सांगितलंत. तिथेच थांबला असतात तरी कुणी बोल लावला नसता. पण तुम्ही तिला नुसत्या म्होरकीवर, म्हणजे तोंडात लोखंड न घालता, दोन्ही बाजूंनी गोल फिरवायला लावलंत. लंगडणं नाही, झाडणं नाही. मग पाठ मोकळी ठेवून फक्त लगाम चढवला, तर मान झटकणं सुरू. लगाम उतरवून म्होरकीवरच खोगीर कसलं, तर मान शांत, पण दुडकीवर पाठ वर! “दुखनं एक नही, दोन शेतस,” तुम्ही म्हणालात. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची ही तुमची रीत मी आता घरात सगळ्यांना सांगत असते.

खोगिराचं तर तुम्ही डोळ्यांसमोर उलगडून दाखवलंत. मानेच्या मुळाशी, उंचवट्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे ठिपके होते. आम्ही ते जन्माचे समजत होतो. दाबानं कातडी दुखावली की तिथे पुढे केस पांढरेच येतात, हे तुमच्याकडून कळलं. नंतर खोगीर उतरवलंत, तर घामानं भिजलेल्या पाठीवर नेमकी तीच जागा कोरडी. तिथे दाब इतका, की घामही फुटला नव्हता. घोडीसोबत आलेल्या त्या खोगिराचा लाकडी सांगाडा तिच्यासाठी अरुंद होता. पुढचा पाय पुढे पडला की खांद्याचं हाड मागे सरकतं आणि दर पावलाला ते त्या लाकडावर आपटत होतं. खाली आणखी एक नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, घालू का, असं अण्णांनी विचारलं, तेव्हा अरुंद सांगाड्याखाली जाडी वाढवली की तो जास्तच आवळतो, हे तुम्ही हात घालून दाखवलंत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतो, मग घोडीच्या पाठीवर कुणी हात का फिरवत नाही, हा तुमचा प्रश्न अण्णांना फार लागला.

आणि तोंडाच्या बाबतीत तुम्ही म्हणालात, “हाई मन्हं काम नही, डॉक्टरले दखाड.” हातात हुन्नर असूनही आपली हद्द ओळखणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय. बाजारात वय बघायला जो तो ओठ वर करून पुढचे दात बघतो, दाढांपर्यंत कुणाचा हात जात नाही. घोड्याच्या दाढा वर्षानुवर्षं वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्याहून रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड झिजायची राहते आणि धारदार होते. डॉक्टरताईंनी गुंगीचं औषध देऊन, तोंड उघडं ठेवून आत बॅटरी मारली, तेव्हा दोन्ही गालांना आतून जखमा दिसल्या. लगाम ओढला की गाल त्याच धारांवर दाबला जात होता. शिवाय पहिल्या दाढेपुढे एक इवलासा जास्तीचा दात, लगामाच्या लोखंडाला लागणारा. ताईंनी तो काढला, कडा कानशीनं घासल्या आणि दरवर्षी तोंड तपासून घ्यायला सांगितलं.

पाठ भरून येईपर्यंत तिच्यावर कुणी बसलं नाही. केळीच्या बागेच्या कडेनं मी तिला हातात धरूनच फिरवायची. नवं खोगीर तुम्ही सांगितल्याप्रमाणे नमद्याशिवाय उघड्या पाठीवर ठेवून, खाली हात फिरवून, मगच घेतलं. तंग आवळताना पहिले काही दिवस ती कान पाडायचीच. दुखणं गेलं तरी त्याची आठवण जायला वेळ लागतो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. आता ती तापीच्या काठानं लांबवर दुडकीत जाते, लगाम सैल असतो आणि तिचे कान पुढे असतात.

“घोडी वाईट नही शे, तिले दुखस, माय,” असं तुम्ही म्हणालात, तेव्हा अण्णांनी तिला परत बाजारात नेण्यासाठी टेम्पो ठरवून ठेवला होता. तो त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून रद्द केला. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

पुढच्या नालबंदीला याल तेव्हा सकाळीच या. आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या करायचं ठरवलंय आणि जेवल्याशिवाय तुम्हाला जाऊ द्यायचं नाही, असं मला बजावून ठेवलंय.

तुमची,
चोपडा तालुक्यातली कुमैत घोडीवाली