चप्पल मिलानला, आम्ही स्लिपरवर

महोदय,

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आमच्या गल्लीत जो तो भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे नावावरच्या प्रादेशिक हक्काचा, वकील झाला. २०१९ चं ते मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे मात्र सोयीनं कुणी काढत नव्हतं. आमच्या घरात तर थेट इटलीला शिष्टमंडळ धाडायचं ठरत होतं. ठरवणाऱ्या साऱ्यांच्या पायात रबरी स्लिपर! (चप्पल लाइनला, म्हणजे इथल्या चपलांच्या बाजारात, कारागिरानं भाव सांगितला की हीच मंडळी निम्म्यावर मागतात.)

पुराचंही तेच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमचे चिरंजीव झोपेतही सांगतील. पाऊस लागला की मोबाइलवर बघून तासाला पंचगंगेची पातळी जाहीर करतात. तेवढ्यात घरची टाकी भरून पाणी जिन्यावरनं खाली येतं. मोटर बंद करायला उठणार कोण? सगळे मालिकेत गुंतलेले. तिथली सासू मध्यरात्री भरजरी शालू नेसून कारस्थानं करते; त्या घरात कुकरची शिट्टी मात्र आजवर ऐकू आलेली नाही. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं, की भांडी घासणाऱ्या बाईला कारस्थानाला सवड कुठली!

जिन्यात पाण्याचा आवाज येतोय. पत्र आवरतो.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर