आमच्या बायबलचा दाखला आम्हालाच देऊ नका

मा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्री यांस,

महोदय, सप्रेम जय ख्रिस्त.

मी नगर (आता अहिल्यानगर म्हणायचे) जिल्ह्यातला दलित ख्रिस्ती, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गेल्या आठवड्यात बांधाच्या भांडणात माझ्या पुतण्याला चारचौघांत जातीवरून शिव्या घातल्या, धक्काबुक्की केली. अॅट्रॉसिटी नोंदवायला ठाण्यात गेलो. अंमलदाराने शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, ‘ख्रिश्चन’वर बोट ठेवले. म्हणाला, “गुरुजी, हा कायदा तुम्हाला लागू नाही.” साधी एनसी (अदखलपात्र नोंद) हातात दिली आणि वाटेला लावले. शिव्या देणाऱ्याला आमची जात तोंडपाठ होती. सरकारला तेवढी ती दिसत नाही.

अंमलदाराला तरी काय बोलणार? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याचे हात बांधलेत. अनुसूचित जातींच्या यादीला हिंदू धर्माची अट त्यातलीच; यादीत नाव नाही, तर अॅट्रॉसिटीचे संरक्षणही नाही. पुढे 1956 मध्ये शिखांना यादीत घेतलेत, 1990 मध्ये बौद्धांना. बरे केलेत, आमचेच भाऊबंद ते. माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ बाबासाहेबांमागे गेले, त्यांची नातवंडे यादीत आहेत. आम्ही नाही. गावाची वागणूक दोघांशी सारखीच.

का नाही? तर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तुमच्या सरकारने सांगितले, ख्रिस्ती समाजात तसला छळ कधी नव्हताच. वा! बायबलात समता आहे खरी: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो. रविवारी आम्ही ते ऐकतोच. पण साहेब, ती शिकवण आहे, पंचनामा नव्हे. माणसाने कसे वागावे हे शास्त्राने सांगायचे, माणसे कशी वागतात हे सरकारने बघायचे. ‘चोरी करू नको’ हीसुद्धा दहा आज्ञांतलीच. म्हणून ख्रिस्ती वस्त्यांतली पोलीस ठाणी बंद केलीत का?

आमच्या लोकांनाही मी सोडत नाही. चर्चमध्ये जातिभेद आहे, हे कॅथलिक बिशपांनी 2016 च्या धोरणात स्वतःच कबूल केले. तमिळनाडूत कुठे कुठे कबरस्तानेही वेगळी. आणि आम्ही मराठी ख्रिस्ती? रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई ही नावे छाती फुगवून घेतो. दोघेही जन्माने ब्राह्मण. महारवाड्या-मांगवाड्यांतून मिशनकडे आलेल्या हजारोंचे नाव कुठल्या भाषणात निघत नाही.

खरे दुखणे पुढेच आहे. आमच्याकडे कित्येक घरांत माणसाला दोन नावे असतात, एक बाप्तिस्म्याचे, एक तहसीलचे. तहसीलच्या कागदावर धर्म हिंदू. मुलांना ‘खोटी साक्ष देऊ नको’ पाठ करून घ्यायचे आणि त्यांच्याच फीसाठी खोटे लिहायचे. मी खरे लिहिले. मुलगा ओबीसीच्या रांगेत उभा राहिला, इंजिनिअरिंगची जागा थोडक्यात हुकली, आज टेम्पो चालवतो. सणासुदीला जेवताना विषय निघाला की ताट सरकवून उठतो. पाळकसाहेब म्हणतात, प्रतिफळ स्वर्गात मिळेल. टेम्पोचा हप्ता मात्र इथे भरावा लागतो.

रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच धर्माची ही अट काढून टाका म्हणून सांगितले. तो अहवाल तुम्हाला सदोष वाटला. मग 2022 मध्ये याच प्रश्नासाठी बाळकृष्णन आयोग नेमलात, दोन वर्षांच्या बोलीने. दोन वर्षे सरली, मुदतवाढ! काँग्रेसवाल्यांनी तरी काय दिवे लावले? 1950 चा आदेश त्यांच्याच राज्यातला, मिश्रांचा अहवालही त्यांच्याच कपाटात पडला. नाताळचा केक खायला सगळेच पक्ष येतात. आमचे पुढारी सांगतात, देशातले सत्तर टक्के ख्रिस्ती दलित आहेत. खरे की फुगवलेले, तुम्ही मोजा. जनगणना तुमच्याच हातात आहे.

मागणे एवढेच: 1950 च्या आदेशातला धर्माची अट घालणारा तिसरा परिच्छेद काढा. तोवर निदान अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण तरी द्या. आरक्षणाचे पुढे भांडू.

आणि हो, नातीचा कॉलेजचा अर्ज भरायचा आहे. धर्माच्या रकान्यात काय लिहू, ते आपल्या कार्यालयातून कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक